सापडलं का मग?

मागच्या पौषात मामांकडे गेले होते, तेव्हा त्यांनी उसाच्या बांधावर उभे राहून मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याला एका शब्दात उत्तर दिले. त्या उत्तराने मला गेले वर्षभर स्वस्थ बसू दिलेले नाही. रात्रीचे साडेबारा झाले असतील. थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यामुळे उसाला पाणी द्यायला रात्रीच जावे लागे, आणि बिबट्याच्या भीतीने मामा एकटे जात नसत. आमच्या जुन्नर भागात बिबट्यालाही वाघच म्हणतात. मी बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर गेले होते. मामा दारं धरत होते. एका सरीत पाणी शेवटपर्यंत पोचले की फावड्याने माती ओढून तिचे तोंड बुजवायचे, पुढच्या सरीचे फोडायचे, आणि पाणी पोचेपर्यंत थांबायचे. या थांबण्यातच बोलणे होते. ओल्या मातीचा वास, सरीतून सरकणाऱ्या पाण्याची बारीक चुळबुळ, दूर विहिरीवरच्या मोटरीचा एकसुरी आवाज, आणि उसाच्या शेंड्यांपलीकडे, खोडदच्या अंगाला, चांदण्यांवर काळी उमटलेली अँटेनाची भलीमोठी वाटी. मघाशी ती पूर्वेला कललेली होती, आता बरीच वर वळली होती. मामा तिच्याकडे बघत म्हणाले, "ही बांधत होते तेव्हा आम्ही सायकलवर बघायला जायचो. विश्वाचा जन्म शोधणार म्हणून सांगायचे. आता तू त्यातच काम करतीस. सापडलं का मग ते?"

मी म्हणाले, "नाही, मामा."

ते "बरं" म्हणाले आणि फावडे उचलून पुढच्या सरीकडे गेले.

त्या 'बरं'मध्ये तक्रार नव्हती. नक्षत्र कोरडे गेले असे कोणी सांगितले की शेतकरी माणूस ज्या स्वरात 'बरं' म्हणतो, तो स्वर होता. पण मला ते लागले. माझे उत्तर खोटे नव्हते, पण फार अपुरे होते, आणि ज्या माणसाने आपल्या उमेदीच्या दिवसांत सायकल मारत जाऊन त्या वाट्या उभ्या राहताना पाहिल्या त्याची मी एका शब्दात बोळवण केली होती. पुण्याला परतताना एसटीत, आणि नंतर कित्येक रात्री पडद्यावरच्या आलेखांपुढे बसून, मी त्या उत्तराची पुढची वाक्ये मनाशी जुळवत राहिले. ती जुळवता जुळवता माझ्या लक्षात आले की मामांच्या प्रश्नातले 'ते' म्हणजे नेमके काय, हे आधी सांगायला हवे होते. कारण गेल्या चाळीस वर्षांत ते 'ते'च बदललेले आहे.

रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ च्या सुमारास खोडदच्या या रेडिओ दुर्बिणीची, म्हणजे जीएमआरटीची, कल्पना मांडली, तेव्हा तिच्यापुढच्या कामांत अग्रक्रम होता तो दीर्घिका जन्माला येण्यापूर्वीचे हायड्रोजनचे अवाढव्य ढग शोधण्याला. विश्वात आधी मोठे घडले आणि मग त्याचे तुकडे पडून लहान घडले, असे एक वजनदार मत त्या काळी होते. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांच्या मांडणीनुसार शेकडो दीर्घिकांना पुरेल एवढा वायू आधी एका दिशेने आकसून धिरड्यासारखा चपटा होतो आणि मग तो फाटून दीर्घिका तयार होतात. अशी धिरडी खरोखर असतील तर त्यांतल्या हायड्रोजनचा रेडिओ संकेत पृथ्वीवर पकडता येईल, आणि तो पकडण्यासाठी मोठी, कमी वारंवारतेवर काम करणारी दुर्बीण लागेल, हा विचार खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहण्यामागे होता. त्यांतल्या १४ मधल्या चौकात दाटीने आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना फुटलेल्या बाहूंवर, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात, कोणाच्या कांद्याशेजारी तर कोणाच्या टोमॅटोशेजारी उभ्या आहेत. पण लोखंड उभे राहत असतानाच विचार पालटत गेला. १९९२ साली कोबी उपग्रहाने विश्वाच्या आद्य प्रारणातले सूक्ष्म चढउतार मोजले, न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या कृष्णद्रव्याचे गणित पक्के होत गेले, आणि घडले ते उलट असे दिसू लागले. आधी लहान गोळे जमले, ते एकमेकांत मिसळत मोठे झाले. २००१ साली दुर्बिणीचे राष्ट्रार्पण झाले, तोवर ज्यासाठी ती मुळात योजली होती ते निसर्गात त्या रूपात नाही, असेच बहुतेकांचे मत झाले होते.

हे मी मामांना सांगायला हवे होते. जे शोधायचे होते ते नव्हतेच, हे कळणे आणि शोधून न सापडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

दुर्बीण काही रिकामी राहिली नाही. तिने पल्सार, म्हणजे ठरलेल्या ठेक्यात रेडिओ लहरी पाठवणारे मृत तारे, शोधले, दीर्घिकांच्या समूहांमधले रेडिओ तेज दाखवले, आणि २०२० साली पुण्यातल्याच संशोधकांनी ७,६५३ दीर्घिकांचे, एकेकटे कधीच ऐकू न येणारे संकेत एकावर एक रचून, सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत हायड्रोजन किती होता याचे मोजमाप केले. यातले प्रत्येक काम मोठे आहे. तरी मामा ज्याला जन्म म्हणत होते, ते याच्याही फार मागे आहे.

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतके निवले की प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांची जोडी जमली आणि सर्वत्र साधा, उदासीन हायड्रोजन पसरला. त्यात थोडा हेलियम होता. तारा एकही नव्हता. पुढची दहाएक कोटी वर्षे किंवा थोडी अधिक, या काळाला खगोलशास्त्रज्ञ अंधारयुग म्हणतात. मला हा शब्द ऐकला की लहानपणी मामांच्या घरी लाईट जायची ती रात्र आठवते. कंदिलाची काच पुसून होईपर्यंत घरात जी वेळ जायची, त्या वेळात घरातली माणसे, भांडी, दावणीची जनावरे सगळी आपापल्या जागी असायची, फक्त कोणी कोणाला दिसायचे नाही, आणि एखादी म्हैस उसासा टाकायची तेवढ्यावरून ती कुठे आहे ते कळायचे. उदासीन हायड्रोजनचाही एक उसासा आहे. त्याच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनची फिरकी कधीतरी उलटते आणि २१ सेंटिमीटर तरंगलांबीची एक लहर बाहेर पडते. एकट्या अणूच्या वाट्याला हा योग सरासरी एक कोटीहून अधिक वर्षांनी येतो. पण अणू अगणित असल्याने उसासे थांबत नाहीत. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे ती लहर वाटेत ताणली जाते; महास्फोटानंतर ६० कोटी वर्षांच्या आसपास निघालेली लहर आपल्यापर्यंत येईतो दोन मीटर लांब झालेली असते आणि दीडशे मेगाहर्ट्झच्या जवळपास ऐकू येते. म्हणून तर खोडदच्या वाट्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. त्या जाळीतून वारा जातो, ऊन जाते, पाखरू डोकावते, पण मीटर मीटर लांबीच्या लहरीला ती भोके दिसतच नाहीत.

पहिले तारे पेटले, त्यांच्या पहिल्या दीर्घिका झाल्या, आणि त्यांच्या तीव्र अतिनील प्रकाशाने आजूबाजूच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन पुन्हा सुटे केले. सुटा झालेला हायड्रोजन तो उसासा टाकत नाही. म्हणजे प्रत्येक दीर्घिकेभोवती नि:शब्दाचा एक बुडबुडा तयार झाला, बुडबुडे वाढत गेले, एकमेकांना भिडले, आणि महास्फोटानंतर साधारण १०० कोटी वर्षांच्या सुमारास दीर्घिकांमधल्या अवकाशातला उदासीन वायू जवळजवळ संपला. या घडामोडीला पुनर्आयनीभवन असे अवजड नाव आहे. आमचा शोध या बुडबुड्यांचा आहे. कुठे आवाज आहे आणि कुठे तो थांबला, याचा नकाशा मिळाला की पहिल्या दीर्घिका किती होत्या, केवढ्या होत्या आणि त्यांनी आपल्या भोवतालाचे काय केले, ते समजेल.

अडचण अशी की हा उसासा आपण भर बाजारात उभे राहून ऐकतो आहोत. आपली स्वतःची आकाशगंगाच त्या वारंवारतेवर हजारो पटींनी, कित्येक दिशांना दहा हजार पटींहून जास्त, गोंगाट करते. तिच्या जोडीला दूरच्या रेडिओ दीर्घिका आहेत. वर आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर आहे, जे तापल्या रस्त्यावरच्या हवेसारखे संकेत हलवत राहते, म्हणून असली निरीक्षणे रात्री घ्यायची. आणि खाली आपण आहोत. मोबाइल, दूरचित्रवाणी, गाड्यांचे स्पार्क प्लग, आणि विजेच्या तारांवर दमट हवेत उडणाऱ्या ठिणग्या. दुर्बिणीवर काढलेल्या माझ्या पहिल्या रात्री मी पडद्यावर बघत होते, आणि काळ्यानिळ्या पट्ट्यात मध्येच एक पांढरी उभी रेघ चमकून गेली. शेजारी बसलेल्या अनुभवी सहकाऱ्याने मान न वळवता सांगितले, "लाईनवर स्पार्किंग असेल कुठंतरी." मला त्या क्षणी मामा दिसले. थ्री फेज आली की विहिरीकडे निघालेले, हातात काठी आणि बॅटरी, स्टार्टरचे बटण दाबणारे. तालुक्यात रात्री जागणारी माणसे दोनच प्रकारची, पाणी देणारी आणि आकाश ऐकणारी. आणि एकाचे जागणे दुसऱ्याच्या जागण्यात पांढरी रेघ होऊन उमटते. त्या रेघा आम्ही खुणा करून काढून टाकतो. काढताना मला प्रत्येक वेळी थोडे अवघड वाटते.

आमचे बहुतेक काम हे काढून टाकण्याचे आहे. ठिणग्या काढा, आयनांबराचा हेलकावा काढा, मग आकाशगंगा काढा. तिचा गोंगाट मोठा असला तरी वारंवारतेनुसार तो सावकाश, एकसारखा बदलतो. हायड्रोजनचा संकेत मात्र बुडबुड्यागणिक खालीवर होणारा असतो. या फरकावर सगळी भिस्त. जे गुळगुळीत ते वजा करायचे आणि जे खडबडीत उरेल त्यात शोधायचे. हे मी समजून घेत होते त्याच दिवसांत एका सुट्टीला मामींना अंगणात बाजरी पाखडताना पाहिले. सुपाला एक विशिष्ट झोका, दाणे मागे, फोलपट पुढे, आणि हवेत बारीक सोनेरी धूळ. पाखडून झाल्यावर मामी उठल्या नाहीत. त्या उकिडव्या बसून समोरच्या फोलपटात बोट फिरवू लागल्या आणि एकेक दाणा वेचून परत सुपात टाकू लागल्या. मी विचारले, "एवढ्याशा दाण्यांसाठी कशाला, मामी?" त्या म्हणाल्या, "किती उडालं ते कळाया नको?"

किती उडाले ते कळायला नको का? हा प्रश्न खोडदच्या दुर्बिणीच्या बाबतीत खरोखरच विचारला गेला आहे, आणि त्याची हकिकत मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर हकिकत वाटते. एका आंतरराष्ट्रीय गटाने या दुर्बिणीवर पुनर्आयनीभवनाचा संकेत शोधायला घेतला होता. मी त्या गटात नव्हते. आयनांबराचा हेलकावा ओळखण्यासाठी त्यांनी एका पल्सारचा आधार घेतला, कारण पल्सार ठरलेल्या ठेक्यात उघडझाप करतो आणि तो 'असताना'तून 'नसताना' वजा केले की त्या दिशेची खूण शुद्ध मिळते. २०११ साली त्यांनी जाहीर केले की संकेत सापडला नाही, पण त्याचे चढउतार ७० मिलिकेल्विनपेक्षा मोठे असू शकत नाहीत. (रेडिओ संकेताची ताकद आम्ही तापमानाच्या मापात सांगतो; मिलिकेल्विन म्हणजे एका अंशाचा हजारावा भाग.) ही वरची मर्यादा. मग त्यांनीच स्वतःला मामींचा प्रश्न विचारला. आपण आकाशगंगा पाखडून काढतो आहोत, तिच्याबरोबर हायड्रोजनचे दाणेही उडत असतील तर? त्यांनी जवळपास ४० तासांच्या निरीक्षणांत एक कृत्रिम, आपणच घडवलेला संकेत मिसळला, ते सगळे त्याच सुपात पाखडले, आणि शेवटी त्यातले किती हाती राहते ते मोजले. बरेच उडत होते. २०१३ साली त्यांनी नवी मर्यादा छापली, २४८ मिलिकेल्विन. जुनीपेक्षा साडेतीन पट सैल. दोन वर्षे आणखी राबून आपला आकडा आपणच वाईट करून जगापुढे ठेवायचा, आणि हाच आकडा जास्त खरा आहे असे म्हणायचे, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. अपेक्षित संकेत दहाएक मिलिकेल्विनच्या घरातला आहे. म्हणजे अजून बरीच वाट बाकी आहे, आणि ती किती बाकी आहे हे आता प्रामाणिकपणे माहीत आहे.

अशाच एका 'नाही'ची आणखी एक गोष्ट आहे. २०१८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एजेस नावाच्या लहानशा उपकरणाने रेडिओ संकेताच्या आलेखात ७८ मेगाहर्ट्झवर एक खोल दरी दिसल्याचे सांगितले. महास्फोटानंतर १८ कोटी वर्षांच्या सुमाराची, पहिल्या ताऱ्यांची सावली. दरी अपेक्षेहून इतकी खोल होती की ती समजावण्यासाठी नवे भौतिकशास्त्र लागले असते. बंगळुरूच्या रमण संशोधन संस्थेतल्या लोकांना शंका होती की अँटेनाखालच्या जमिनीचे वेगवेगळे थर फसवणूक करू शकतात. मग त्यांनी आपली सारस नावाची अँटेना कर्नाटकात दंडिगनहळ्ळीच्या तलावावर आणि शरावतीच्या फुगवट्यावर तराफ्यावर तरंगत ठेवली, कारण पाणी खालपर्यंत एकसारखे असते. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी सांगितले की ती दरी त्यांना दिसत नाही, आणि हे ९५ टक्क्यांहून अधिक खात्रीने. मला राहून राहून ते दृश्य दिसते. संध्याकाळचे निश्चल पाणी, मध्यभागी एक एकटा शंकू, आणि काठावर बसलेली माणसे, काहीतरी तिथे नाही हे नक्की करण्यासाठी आलेली.

आणि मग १२ जुलै २०२२ ची ती पहाट आली. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीचे पहिले चित्र आपल्याकडे पहाटे चारच्या सुमारास प्रसिद्ध झाले तेव्हा मी जागी होते. हात लांब करून धरलेल्या राजगिऱ्याच्या दाण्याहूनही लहान अशा आकाशाच्या तुकड्यात हजारो दीर्घिका. मला रडू आले, हे मी लपवणार नाही. त्या रडण्यात आनंद होता आणि खोल कुठेतरी एक टोचणीही होती. आम्ही इतकी वर्षे अंधारात कान लावून बसलो होतो, आणि कोणीतरी येऊन सरळ दिवा लावला होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती टोचणी वाढावी अशाच बातम्या येत गेल्या. मे २०२४ मध्ये जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका, महास्फोटानंतर अवघ्या २९ कोटी वर्षांची. मे २०२५ मध्ये मॉम-झेड१४, २८ कोटी वर्षांची. आपल्या आकाशगंगेच्या मानाने त्या ठिपके आहेत. जेड्सची ती दीर्घिका सोळाशेएक प्रकाशवर्षे रुंद. पण त्या वयाला त्या इतक्या तेजस्वी आहेत, आणि त्यांच्यासारख्या इतक्या जास्त सापडत आहेत, की आधीची गणिते कमी पडली. तारे झपाट्याने, लाटालाटांनी जन्मत होते का, धूळ कमी असल्याने प्रकाश मोकळा बाहेर पडत होता का, की पोटात वाढणारी कृष्णविवरे त्या तेजात भर घालत होती, यावर आज जोराचा वाद आहे. मला त्यांतले पहिले उत्तर जास्त पटते, पण ते मत आहे. वाद नाही तो एका गोष्टीबद्दल. चिलीतल्या अल्मा दुर्बिणीला २०२५ मध्ये जेड्सच्या त्या दीर्घिकेत ऑक्सिजन मिळाला. ऑक्सिजन महास्फोटात झालेला नाही. तो ताऱ्यांच्या पोटात शिजतो आणि तारा फुटला की बाहेर पडतो. म्हणजे २९ कोटी वर्षांच्या त्या कोवळ्या विश्वातही ताऱ्यांची एक पिढी जगून, जळून, संपून गेलेली होती. आपण ज्याला पहिली पहाट समजत होतो, तिथे आधीच राख पडलेली आहे.

त्या दीर्घिका ओळखतात कशा, हे समजले तेव्हा माझी टोचणी पुष्कळशी विरली. वेबचे कॅमेरे एकाच तुकड्याची चित्रे वेगवेगळ्या रंगपट्ट्यांतून घेतात. अतिदूरची दीर्घिका लांब तरंगलांबीच्या अवरक्त पट्ट्यांत ठळक दिसते, आणि एका ठरावीक रंगाच्या अलीकडे एकदम नाहीशी होते. तो प्रकाश वाटेतल्या उदासीन हायड्रोजनने खाल्लेला असतो. कोणत्या पट्टीत ती दिसेनाशी झाली, त्यावरून तिचे अंतर, तिचा काळ. म्हणजे त्या लखलखीत चित्रांतही तिची ओळख पटते ती तिच्या न दिसण्यावरून, आणि ते न दिसणे ज्याच्यामुळे आहे तो वायू म्हणजे आमचाच हायड्रोजन. आम्ही आणि ते एकाच गोष्टीच्या दोन काठांवर उभे आहोत. दिवे त्यांनी मोजले. पण दिव्यांनी अंधाराचे काय केले, हे दिव्यांकडे बघून पुरते कळत नाही. दीर्घिकेत जन्मलेल्या तीव्र अतिनील प्रकाशापैकी किती बाहेर निसटतो आणि किती तिच्याच वायूत मुरतो, हा सगळ्यांत नाजूक आकडा आहे. २०२० साली पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या हातभरापेक्षाही लहान आरशाच्या दुर्बिणीतून अशी एक दीर्घिका शोधली, जिचा असा प्रकाश ९३० कोटी वर्षे चालून आपल्यापर्यंत निसटून आला आहे. ती पहिल्या दीर्घिकांच्या काळातली नाही, पण दार कसे फुटते ते दाखवणारी आहे. आणि २०२५ मध्येच पुण्याच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या माहितीतून एक दीर्घिका हुडकली, महास्फोटानंतर केवळ दीडशे कोटी वर्षांची, आणि तरी दोन रेखीव बाहू असलेली, चक्राकार, जणू वयात आलेली. तिचे नाव त्यांनी अलकनंदा ठेवले. आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात, आणि अलकनंदा ही मंदाकिनीची बहीण नदी. हे नाव ऐकून मला उगाचच माहेरचे कोणी भेटल्यासारखे झाले.

मॉम-झेड१४ ची बातमी आली त्याच मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. महास्फोट ज्यांनी शेवटपर्यंत मान्य केला नाही, त्यांनी उभ्या केलेल्या आयुकात महास्फोटानंतरच्या पहिल्या प्रकाशाचा अभ्यास होतो, यात मला विसंगती कधी वाटली नाही. त्यांचे पर्यायी विश्वरूप मला पटत नाही. पुरावा दुसऱ्या बाजूला फार जड आहे. पण शाळेत असताना त्यांच्या व्याख्यानानंतर एका मुलाने भीत भीत काहीतरी विचारले आणि ते उत्तर देण्याआधी बराच वेळ गप्प उभे राहिले, ते गप्प राहणे मला अजून आठवते. मामांच्या प्रश्नाला मी तेवढा वेळ दिला नव्हता.

या पौषात पुन्हा गेले. लाईट पुन्हा रात्रीचीच होती. या वेळी मी आपण होऊन बोलले, आणि दहा-बारा सऱ्या भरेपर्यंत बोलत राहिले. धिरडी नव्हतीच ते सांगितले, अणूचा उसासा सांगितला, ७० चे २४८ कसे झाले ते सांगितले. तिथे मामा फावड्याच्या दांड्यावर रेलून म्हणाले, "म्हणजे आधी चूक होती ती त्यांनीच धरली?" मी हो म्हणाले. ते काही वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग मी बुडबुड्यांचे सांगितले. दीर्घिकांच्या प्रकाशाने भोवतालचा वायू कसा साफ होत गेला, जिथे दीर्घिकांची दाटी तिथे आधी आणि ओसाड पोकळ्यांत सर्वांत शेवटी, आणि महास्फोटानंतर शंभर कोटी वर्षे उलटली तरी त्याची काही ठिगळे कशी शिल्लक होती. मामा ऐकत होते. पाणी सरीच्या टोकाला पोचले, त्यांनी तोंड बुजवले, पुढचे फोडले, आणि म्हणाले, "धुकं गं ते. धुकं कुठून कुठून फाटलं, ते बघायचंय तुम्हाला."

पहाटे लाईट गेली तेव्हा शेवटच्या चार सऱ्या राहिल्याच. आम्ही बांधावरून परत निघालो, तर खरोखरच धुके उतरलेले होते, इतके की पुढे चालणाऱ्या मामांची फक्त बॅटरी दिसत होती. टेकाडावर आल्यावर ते थांबले. उजाडत होते. खोडदच्या बाजूच्या वाट्यांपैकी दोघींच्या फक्त कडा धुक्यावर तरंगत होत्या. मामांनी हात करून दाखवले, "वस्तीवरचं बघ आधी जातं. चुली पेटल्यात." तिथे खरेच एक पातळ, मळकट गोल उघडत होता, त्यातून दोन कौले, एक नारळाचा शेंडा आणि कोणाची तरी धुराची रेघ दिसू लागली. थोड्या वेळाने पलीकडच्या मळ्यावर दुसरा गोल उघडला. मग रस्त्यावर. ते दोन गोल एकमेकांकडे सरकत होते आणि मी मनातल्या मनात मोजत उभी होते. मामा म्हणाले, चहा थंड होईल. मी म्हणाले, थांबा थोडं. खाली कुकडीवरचे धुके अजून जसेच्या तसे होते.